शेवंताबाईंची जखम

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

मन थाऱ्यावर नाही. रुळांपलीकडच्या वस्तीत शेवंताबाई एकट्या राहतात. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यात, पाठीला जखम झालीय. चर्चतर्फे दर मंगळवारी मी ती धुवायला जाते. आज गेले तर शेजारची रुखसाना आधीच मलमपट्टी करत होती. शेवंताबाई धडधाकट असताना नळावर त्यांच्याशी भांडायची, तीच!

म्हटलं, "अगं, मी येणारच होते."

"ताई, तुम्ही मंगळवारी येता," ती वर न बघताच म्हणाली. "जखम तर रोजच असते."

शेवंताबाई हसल्या. "ती रोज येते. तुमाला सांगू नको म्हनाली. वाईट वाटंल."

वाटलंच. रविवारी प्रार्थनेत सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, प्रभूने मला त्या वस्तीत आशा घेऊन पाठवलंय. आशा तर तिथे माझ्याआधीच पोचली होती. मग मला हेवा का वाटावा? आणि जखम रोजच असते, हे इतके महिने मला कसं सुचलं नाही?

निघताना रुखसानाला विचारलं, "उद्या येऊ?"

"या की. कूस बदलायला दोघी लागतात."

शिकवते त्या शाळेत उद्या उशिरा येईन म्हणून कळवून टाकलं. प्रभू, रुखसाना माझ्याआधी पोचल्याचा आनंद अजून होत नाहीये. पण जाणार.