देवी काढायला आलेला मेहुणा

पोलादपूर, ता. १४ जानेवारी १९३१

रा. रा. सहदेवराव यांस मालोजीचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमचं गोदीतलं काम बरं चाललं असेल. आवडी आमच्याकडे माहेरपणाला आली आहे. तुमची लेक शकू कुडपणलाच आजीजवळ आहे. तिला थोडा ताप आहे, उतरेल.

यंदा टोचणीच्या कामावर तुमच्या गावी मीच गेलो. खालच्या वाडीत देवीच्या साथीने पोरं दगावली, म्हणून घाई. देवळापाशी उभा राहून मोठ्याने सांगितलं, "देवी काढायला आलोय!" झालं! तुमच्या मातोश्री ठकूबाई वाटेत आडव्या. "आमची देवी काढून नेतोस? मग गाव राखील कोन रे?" गुरवाने देवळाला कुलूप घातलं. देवी काढायची म्हणजे दंडावर लस टोचायची, हे पटवताना माझा घसा बसला. शेवटी कौल लावला, देवीने उजवा दिला. वाटलं, सुटलो. तर बायका म्हणाल्या, "मालक ममईला हायत. त्यांना इचारल्याशिवाय नाय."

सरकार लस देतं, सुई देतं. सासवा, गुरव आणि मुंबईचं टपाल यांवर मात्र औषध देत नाही.

आता खरं ते लिहितो. सगळ्यांत एकट्या आवडीने पोरीचा हात पुढे केला. "दादा, टोच. ह्यांना मी सांगेन." मी टोचलं. टोचल्यावर ताप येतोच, पण ठकूबाई म्हणाल्या, देवी कोपली. आवडीला घराबाहेर काढलं आणि पोर ठेवून घेतली. माहेरपण कसलं! ती धड जेवत नाही, आणि मला ते बघवत नाही.

एवढं करा. टोचायला तुम्हीच कळवलं होतं, असं आईला लिहा. खोटं आहे, मला कळतं. पण सुनेचा शब्द आणि लेकाचा शब्द यांत कुडपणला किती अंतर, ते मी तुम्हाला काय सांगावं? तुमचं पत्र गावात वाचलं गेलं, तर बाकीच्या बायकाही पोरांचे हात पुढे करतील. राग आला असेल तर माझ्यावर काढा. तिने तुमची लेक राखली आहे.

मला उत्तर नको. आधी आईला लिहा.

हात जोडून,
आवडीचा भाऊ
मालोजी