वायर, वायरलेस आणि शेवटची रांग

प्रिय धाकट्या,

कानाच्या डॉक्टरांकडून आलास तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. आपल्या ऑर्केस्ट्राचा मिक्सर दुसऱ्याच्या हवाली करून मोकळा झालास, आणि वर मोठ्याकडे निरोप ठेवलास की आता शनिवारच्या कार्यक्रमाला येऊन मी करू काय. बरं, पत्र तरी वाचशील. त्याला कान लागत नाहीत. रागावू नकोस, आई आहे मी, मला चालतं.

तू पाठवलेला वायरलेसचा सेट आठवडाभर खोक्यातच होता. तीस वर्षं मी वायर लावून बेस गिटार वाजवली. पट्ट्याला एक वेढा देऊन वायर खोचायची, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी टोकाचा जॅक निसटत नाही, हे मला झोपेतही जमेल. वायरऐवजी लावायच्या त्या एवढ्याशा डबीचा काय भरवसा? ऐन गाण्यात बॅटरीनं मान टाकली म्हणजे? ड्रमवाल्यानं घाबरट म्हणून चिडवून चिडवून नको जीव केला. शेवटी काल दुपारी तालमीला हॉल रिकामा होता, तेव्हा ती डबी कमरेला अडकवली आणि वाजवत वाजवत स्टेजच्या पायऱ्या उतरले.

अरे, काय सांगू तुला! इतक्या वर्षांत अ‍ॅम्पपासून पाच पावलांपलीकडे मी कधी गेलेच नव्हते. आपलं वाजवणं लोकांपर्यंत कसं पोचतं, हे मला ठाऊकच नव्हतं. दहाव्या रांगेपाशी खर्ज पायाखालच्या फळ्यांतून वर यायला लागला. शेवटच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. तो स्वर खुर्चीच्या पाठीतून थेट बरगड्यांत शिरला. समोरच्या खुर्चीवर हात ठेवला, तर लाकूड थरथरत होतं. एवढं मोठं काहीतरी माझ्या या बोटांतून निघतं? पुन्हा छेडली. पुन्हा तेच. लहान पोरीसारखी किती वेळ तेच करत बसले कोण जाणे. ड्रमवाला काठ्या खाली ठेवून बघत राहिला.

ती तुझ्या बाबांची जागा. कान पार गेल्यावरही ते प्रत्येक कार्यक्रमाला येऊन तिथेच बसायचे, दोन्ही हात समोरच्या खुर्चीवर ठेवून. मला वाटायचं, बिचारे माझं मन राखायला येतात. मग एकदा मीच त्यांना कागदावर लिहून दिलं, की तुम्हाला ऐकू येत नाही, उगाच कशाला ताटकळत बसता, घरीच आराम करा. त्यांनी वाचलं, हसले, कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यानंतर चार वर्षं जगले, पण कार्यक्रमाला एकदाही आले नाहीत. आणि मी समजत होते, आपण त्यांचा त्रास वाचवला.

म्हणून हे पत्र. माझं तेच वाक्य तू आता स्वतःला ऐकवतोयस, आणि मी ते चालू देणार नाही. वायर की वायरलेस, माझं अजून ठरत नाही. दोन्हींतला फरक मला एकटीला कळत नाही. शनिवारी चार वाजता साउंड चेक आहे. तू त्या खुर्चीत बस. मी आधी वायर लावून वाजवीन, मग डबी लावून. खर्ज कशात जास्त भरतो ते हातानं बघ आणि मला खूण कर. तुझी खूण झाल्याशिवाय मी कार्यक्रम सुरू करणार नाही.

तुझीच,
आई