ग्रीक कारकुनाची नायिका

९ जानेवारी २००४, वेस्ट विंडसर

पुन्हा वाचला, पुन्हा डोकं फिरलं! ह्या ग्रीक कादंबरीकारावर मी पीएच.डी. करतेय – सगळी तरुणाई त्याच्या घशात घातली – आणि गडी स्वतःबद्दल सांगतो काय, तर एक वाक्य. गावाचं नाव, आणि मी एका वकिलाचा कारकून. बस्स! दोन हजार वर्षं तेवढ्यावर टिकलाय.

आणि त्याच्या कादंबरीतली ती लाथ! संशयी नवरा बायकोला लाथ घालतो, मेली समजून तिला पुरतात. खटल्यात नवराच इतका रडतो की त्याला निर्दोष सोडतात. वाचकालाही त्याचीच कीव यावी, अशी सगळी सोय. कारकून कसला, आरोपीचा वकीलच!

सर म्हणतात, ‘यू आर टू अँग्री विथ हिम.’ असू दे.

१२ जानेवारी

मराठी मंडळातली माझी मैत्रीण रत्ना पंधरवडाभर माझ्या हॉलमध्ये झोपतेय. जुन्या मित्राची ई-मेल दिसली म्हणून अंकुरने – नवऱ्याने – तिला भिंतीवर ढकललं. मनगट अजून सुजलेलं. व्हिसा त्याच्या नोकरीवर, त्यामुळे हिला इथे कामही करता येत नाही. नको म्हटलं तरी माझ्या पोळ्या लाटते.

लाटता लाटता विचारते, "ताई, पुढे काय झालं त्या बाईचं?" मी सांगते. थडग्यात जागी होते. चोर पळवतात, विकतात. पोटात पहिल्याचं मूल, म्हणून दुसऱ्याशी लग्न करते. माणूस बरा असतो.

"मग परत जाते ती पहिल्याकडे?"

जाते. पोराला मागे ठेवून जाते, आणि अख्खं गाव जल्लोष करतं!

पण रत्नाला मी म्हटलं, "छे! नाही जात."

१५ जानेवारी

मंडळाच्या शरयूकाकूंचा फोन. हळदीकुंकवाला रत्नाला आणच म्हणे. "अगं, एकदा हात उचलला म्हणून कुणी संसार मोडतं का? बिचारा धड जेवत नाही, किती वेट लूझ केलंय!"

घ्या! लाथ हिला, कीव त्याची.

१७ जानेवारी

काकूंचा डाव! शाळेच्या कॅफेटेरियात कुंकू लावून होतंय तोवर दारात अंकुर उभा. हातात तिळगुळाचा डबा, डोळ्यांत पाणी. काकू म्हणाल्या, "घे रत्ना. संक्रांतीच्या तिळगुळाला नाही म्हणू नये."

रत्ना काहीतरी बोलणार होती. मी मध्ये पडले. "ती येणार नाहीये!" आणि तिला हाताला धरून बाहेर काढलं.

गाडीत बसल्याबसल्या तिने डोळे मिटून घेतले. थकली असेल. पण मी जिंकले! काकूंना आणि त्या ग्रीकालाही पुरून उरले.

२० जानेवारी

लायब्ररीतून आले तर गादी गुंडाळलेली. रत्ना नाही, तिची बॅग नाही. कादंबरीचं भाषांतर टेबलावर, शेवटच्या पानावर उघडं.

गेली! त्याच्याकडेच गेली! तणतणत अंकुरला फोन लावला. तो उलट मलाच विचारतो, "रत्ना बरी आहे ना?"

२२ जानेवारी

रत्नाचा फोन. दुसऱ्या राज्यात, नोव्हायला मावसबहिणीकडे आहे. परत जायचं की नाही, अजून ठरवलेलं नाही. म्हणाली, "शेवट वाचला, ताई. जाते ती, आणि शेवटी देवीपुढे स्वतःच्या मनातलं बोलते. काकूंनी मला विचारलं नाही, तूही नाहीस. तुझ्या ग्रीकाने निदान तिला बोलू तरी दिलं."