डबी न देणारे

सोम., ६ जाने.
काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेवटी माझ्याच गळ्यात. पलीकडच्या धर्मादाय दवाखान्याची मोफत तपासणी. पन्नाशीच्या पुढच्यांनी शौचाचा नमुना डबीत द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त असलं तर त्यात सापडतं, आतड्याचा कॅन्सर लवकर कळतो. चेअरमन साबणे म्हणाले, "हे तुम्हीच बघा. तुम्हाला बारीकसारीक आवडतं." कौतुक की टोमणा, अजून ठरवलं नाही.

सभासद-रजिस्टरवरून यादी उतरवली. अठ्ठावीस नावं. दवाखान्याचा छापील कागद टाकाऊ. "थोडासा नमुना घ्यावा." थोडासा म्हणजे किती? वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला थोडासा चालत नाही. नवा कागद स्वतः लिहिला: काडी चार ठिकाणी टोचायची, खाचा भरल्या की पुरे, तारीख घालायची, पिशवीत बांधून फ्रीजमध्ये, सकाळी माझ्याकडे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वाचला. "कुठं शिकलात?" नववीत शाळा सुटली, बाकी सगळं स्वतः वाचून, असं सांगितलं. मुद्दामच सांगितलं.

रवि., १२ जाने.
सात ते दहा जिन्याखाली टेबल टाकून बसलो. अठ्ठावीस डब्या वाटलेल्या, परत आल्या सहा. त्यात एक माझी.
देशपांडे सर: "मला काही होत नाहीये. मग शोधायचं कशाला?" जन्मभर पोरांच्या परीक्षा घेतल्या यांनी!
गोखले: "अहो, फ्रीजमध्ये देवाचं दूध असतं." पिशवीचं कागदावर लिहिलंय. वाचतो कोण.
शहांच्या डबीवर तारीख नाही. परत केली. चिडले. "तुम्हीच टाका की." मी कशी टाकू? मी होतो का तिथे?
बागवे जिना उतरता उतरता, न थांबता: "काटे दुरुस्त करता ना, तेच करा."
दुकानात दिवसभर हेच डोक्यात. एका काट्याचं झाकण दोनदा उलटं बसवलं.

सोम., १३ जाने.
मंदा पोळ्या लाटत होती. पाठमोरीच म्हणाली, "माझी डबी कुठंय?"
म्हटलं, यादीत नाव नाही.
"यादी कोणी केली?"
रजिस्टर पुन्हा काढलं. फ्लॅट ज्याच्या नावावर तो सभासद. अठ्ठावीसांत बायका दोन. दोघी विधवा. म्हणजे नवरा गेल्याशिवाय बाई माझ्या यादीत येत नाही. मंदाला बावन्न पूर्ण. कालपासून लोकांच्या नावानं ओरडतोय आणि इथे...
चुकलो म्हणालो नाही. "रजिस्टरमध्येच तसं आहे" म्हणालो.
"बरं," म्हणाली. तेवढंच.

गुरु., १६ जाने.
दवाखान्यात. नर्स: "यादीप्रमाणे दिल्या, काका. जास्तीच्या नाहीत."
"यादी चुकलीय."
"केली कोणी?"
"मी."
"मग?"
वीस मिनिटं उभा. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. न वापरलेल्या डब्या पुरुषांकडून परत घ्या, बायकांना द्या, लेबलं नवी देते म्हणाल्या. संध्याकाळी दारोदार. बागवेंनी दार किलकिलं करून डबी पुढे केली, वर "झाली का हौस?" उत्तर सुचलं ते जिना उतरल्यावर.

मंगळ., २१ जाने.
एकोणीस बायकांना दिल्या, सोळा परत. सगळ्यांवर तारीख. गोखलेवहिनींनी वेळसुद्धा टाकलीय. फ्रीज तोच ना यांचा?
न आलेल्या तिघींतली एक आमच्या घरची. विचारलं. "देते." काल पण "देते". मागितली कोणी, हिनेच ना!

सोम., २७ जाने.
आज आवाज चढला माझा. दुनियेकडून डब्या गोळा करतोय आणि घरचीच नाही, लोक हसतील, वगैरे. मंदानं परात बाजूला सारली.
"त्यात न दिसणारं रक्त बघतात ना? मला दिसतंय."
मूळव्याध समजून इसबगोल घेत होती. दिवाळीपासून, म्हणाली. इसबगोलचं पाकीट चहाच्या डब्याशेजारीच असतं. रोज बघतो मी ते.
"मग डबी मागितलीस कशाला?"
"वाटलं, विचाराल, कशाला हवीय म्हणून."

गुरु., ३० जाने.
डॉक्टरीणबाई: दिसतंय तर आता डबी नको, थेट दुर्बिणीतून तपासणी. मोठ्या हॉस्पिटलात, पुढचा गुरुवार. मंदाचं सुरू: त्याच आठवड्यात शनिवारी धायरीला भाचीचं लग्न, ते झाल्यावर बघू. तिच्या भावाला फोन लावला, वाटलं तो तरी समजावेल.
"दाजी, बायांना असतंय असलं. लग्न तर होऊ द्या."
म्हटलं, वाट बघण्यातलं नाहीये हे.
"डाक्टर हाय का तुम्ही?"
सगळं वाचलंय मी, आतड्याची आकृती काढून दाखवीन, पण डॉक्टर नाही. कुणाला पटवता येत नाही तर वाचून उपयोग काय?
मंदानं हातातून फोन घेतला. "दादा, गुरुवारी मी दवाखान्यात आहे. हळदीचं वहिनीला बघू दे." ठेवून दिला. माझ्या बोलण्यानं नाही ठरवलं तिनं. कशानं, ते सांगत नाही.

गुरु., ६ फेब्रु.
हॉस्पिटलच्या बाकावर. कालपासून ते पोट साफ करायचं पाणी. शेवटचा ग्लास नाक दाबून प्यायली, मला म्हणाली, "बघत उभे राहू नका."
फॉर्म मी भरला. त्रास कधीपासून: दिवाळी. नर्सनं मोठ्यानं वाचला.
मंदा म्हणाली, "गणपतीपासून." माझ्याकडे न बघता.
दिवाळी खोडलं. वर गणपती लिहिलं. खाडाखोड केलेला कागद मी आयुष्यात कुठे दिला नव्हता. गणपतीत तिनं एकवीस मोदक केले होते, मी कळ्या मोजल्या होत्या. त्या दिवशीसुद्धा?
पावणेअकराला आत नेलं. अर्धा तास म्हणाले होते. आता बाराला दहा कमी. दोनदा दार उघडलं, दोन्ही वेळा दुसऱ्याच कुणाचं नाव.