उचगावच्या सभेत म्हातारीने विचारलं तेव्हा

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्ही मला भाषण करायला का शिकवलंत हे मला अजून उमगलेलं नाही. वर्गात धडा वाचतानाही माझा आवाज फुटत नसे, आणि सगळ्या मुलींतून नेमकं मलाच तुम्ही रविवारी घरी बोलावलंत. आई म्हणाली, "फुकट कोण शिकवतंय व्हय? बाईंचं काय तरी काम असणार की." ते मनात धरूनच मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तुम्ही भाकऱ्या थापताय, काटवटीचा थपथपाट चाललाय, आणि त्याच्या वरून माझं बोलणं तुम्हाला ऐकू यायला हवं. "वाक्याचा शेवट गिळू नकोस!" तुम्ही पाठमोऱ्याच ओरडता. मग गरम भाकरीवर लोण्याचा गोळा. मी तो खायचे आणि मनात म्हणायचे, आज ना उद्या ह्या काही तरी मागणार.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीला तुमचे थोरले भाऊ उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "उचगावच्या सभेत तू बोल. बायका येणार आहेत." मला कोडं सुटल्यासारखं वाटलं. भाषण भावांनी लिहून दिलेलं, मी घोकलेलं. त्यांच्या गुणांपर्यंत आले तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरी, तुला मत हाय का?"

मतदानाचं वय व्हायला मला अजून अवकाश होता. "न्हाय," मी म्हटलं.

"मग ह्यास्नी तू वळखतीस?"

"न्हाय. बाईंनी सांगितलं म्हणून आले." सभा हसली. घोकलेलं सगळं पळालं. मी म्हटलं, "आजी, मत तुमचं हाय. काय विचारायचं ते तुम्हीच उभं राहून विचारा की."

म्हातारी खरंच उठली. "हिरीचा गाळ कवा काढणार, ते सांगा." भावांनी घाईघाईने आभार मानून सभा उरकली.

परतताना ते गाडीत कडाडले, "ह्या पोरीला आणली कुणी?"

"मी," तुम्ही म्हणालात. "आणि आज ती पहिल्यांदा बोलली." मला वाटलं, बाई सावरून घेताहेत.

भाऊ पडले. आता हे संपलं, असं मी धरून चालले, तर रविवारी तुमचा निरोप: का आली नाहीस? पुन्हा तीच भाकरी, तेच ओरडणं. मग वाटलं, तुमचा भाचा लग्नाचा असेल, त्याच्यासाठी मला हेरलं असेल. त्याचं लग्न इस्लामपूरच्या मुलीशी झालं, अक्षता टाकायला मीही होते. तुम्ही शेवटपर्यंत काहीच मागितलं नाहीत.

हे पत्र मी कुठे टाकणार नाहीच. खरं सांगते, तुम्ही असतात तरी टाकलं नसतं. तुम्ही उत्तर दिलं असतंत, आणि त्यातही मी तुमचं काही काम शोधत बसले असते.