आत्याच्या वाटचं कुर्र

पलूस, शनिवार

प्रिय प्रीतीवन्सं,

ज्या बाळाला आत्यानं अजून पाहिलंच नाही, त्याच्या कानात नाव कुणी सांगायचं? या घरातली पहिली पदवीधर मी, पण हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

काल तुमच्या भाचीला सांगलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. सातव्या महिन्यात जन्मलेली ती, दोन महिने काचेच्या पेटीत होती. नाकाला अजून ऑक्सिजनची नळी आहे, कानांवरून वळवलेली. तुमचे भाऊ सीमेवर. साताऱ्याहून तुम्ही फोनवर म्हणालात, "आत्ताच नाव नगं गं. नाव ठिवलं की लय माया लागती."

तुमचं बाळ बारशानंतर आठवड्यात गेलं, हे मला ठाऊक आहे. म्हणून राग नाही, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही. पण वन्सं, माया तर कधीचीच लागलीय. आणि दवाखान्याच्या फायलीवर ती अजून नुसती 'सृष्टीचं बाळ' आहे.

आज दुपारी सासूबाई रानात गेल्यावर मी तिच्या कानावरची नळी जराशी सरकवली आणि हळूच सांगितलं, "धृती." पाठीत धपाटे घालायला कुणी नव्हतं. तुमच्या वाटचं कुर्रही मीच केलं.

तुमची वहिनी,
सृष्टी