जाऊबाईंच्या नावाचं पान

गंगाखेड, माघ शुद्ध पंचमी, शके १८६५

भावजींनी आज आपल्या जित्या बायकोला मारलं! हाताने नव्हे, जिभेने.

चुडाव्याची माणसं हेमाला बघायला आली होती. मुलगा बन्सीधर, टेसनात बाबू. त्याची आई कस्तुराबाई – धिप्पाड, हसरी, मोकळी बाई. पोहे झाले, चहा झाला. मग तिने विचारलं, "पोरीची आई दिसंना कुठं?" भावजी सतरंजीकडे बघत म्हणाले, "वारली. तीन वर्षं झाली."

मी तेव्हा मागच्या खोलीत त्या 'वारलेल्या' जाऊबाईंचा हात धरून बसले होते – त्यांनी ओरडू नये म्हणून! दाराआडून सगळं ऐकू आलं. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. त्या भिंतीशी बोलत होत्या. हेमा बशा उचलायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली म्हणे. चौदा वर्षांची पोर.

माघ शु. षष्ठी

भांडले. म्हटलं, खरं सांगून टाका. आजार आहे, पाप नाही. भावजी उसळले, "येड्या बाईची पोर कोण करंल, तुमी सांगा! गेल्या साली दोन ठिकाणं मोडली, कशापायी?" आमचे हे मास्तर. शाळेत पोरांवर गरजतात, थोरल्या भावापुढे तोंडाला कुलूप! मग भावजीच रडायला लागले. त्यांचा राग येतो, आणि कीवही येते. दोन्ही एकदम.

माघ शु. अष्टमी

हेमाच आईला न्हाऊ घालते, भरवते, शांत करते. बाकी कुणाच्या हातचं जाऊबाई घेत नाहीत. आज कणीक मळता मळता पोरीने एकदम विचारलं, "काकू, माज्या जन्मापायीच आई अशी झाली ना? आजी मनायची."

मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत. सासूबाईंना मनातल्या मनात दिल्या!

तिला जवळ घेतलं. म्हटलं, "परभणीच्या डॉक्टरनं काय सांगितलं? ताप येतो, तसा हा डोक्याचा आजार. तापाला कुणाची लेक कारण असती का गं?"

"ताप उतरतो की, काकू."

मग हळूच म्हणाली, "मला पण होईल का?" खोटं बोलवेना. म्हटलं, "ठाऊक नाही. झालंच तर मी आहे." तिने मान हलवली आणि कणीक मळायला लागली. तिला एवढंच हवं होतं की काय, कोण जाणे.

माघ शु. दशमी

चुडाव्याहून होकार! हेमा पहिला पेढा आईला भरवून आली.

माघ वद्य द्वितीया

नवं संकट. कस्तुराबाईंचा निरोप आला. लग्नाआधी आपण देवब्राह्मण-सवाष्ण घालतोच, त्यात एक पान हेमाच्या आईच्या नावाचं वाढा. अहेव, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवल्याशिवाय तिचा आशीर्वाद लागत नाही, अशी त्यांच्याकडची रीत. वर आणखी – 'पोरीला माय न्हाई, तर त्या सवाष्णीची ओटी मीच येऊन भरीन.'

किती चांगली बाई! वाईट असती तर बरं झालं असतं.

माघ वद्य पंचमी

सवाष्ण मिळेना. आळीला सगळं ठाऊक आहे. पोरीचं भलं व्हावं म्हणून सगळ्या बाया तोंड मिटून आहेत, ती माया खरी. पण त्या पानावर बसायला कुणी तयार नाही. धुरपताबाईने कानाला हात लावले. "जित्या बाईच्या नावानं जेवू? माज्या कुंकवावर इल की ओ!" बाहेरचीच सवाष्ण लागते, म्हणून घरची सून मी चालत नाही. शेवटी बायनाबाई कशीबशी हो म्हणाली.

माघ वद्य अष्टमी

बायनाबाई आलीच नाही. नवऱ्याने अडवलं.

पुरणाचा सैपाक झालेला. बाकीच्या सवाष्णी पानांवर बसल्या, मधला पाट रिकामा. कस्तुराबाई लुगडं-नारळ घेऊन ताटकळलेल्या. भावजींच्या कपाळावर घाम. आता सगळं फुटणार, म्हणून मी देवाचं नाव घेत होते.

तेवढ्यात मागच्या खोलीची कडी वाजली. हेमा पाणी देऊन आली होती, तिने बाहेरून कडी लावली नव्हती वाटतं. जाऊबाई बाहेर आल्या. सकाळीच न्हालेल्या, कपाळभर कुंकू, डोक्यावर पदर. कुणाकडे न बघता सरळ त्या पाटावर जाऊन बसल्या! म्हणाल्या, "वाढा. लय येळ झाला."

"ह्या कोण?" कस्तुराबाईंनी विचारलं.

भावजींच्या तोंडून कसंतरी निघालं, "शेजारच्या."

कस्तुराबाईंनी त्यांचे पाय धुतले. ओटी भरली. हात जोडून हेमाच्या 'वारलेल्या' आईचं नाव घेत म्हणाल्या, "मनकर्णाबाई, तुमची लेक आता माजी लेक हाय. तिला काई कमी पडू द्यायची न्हाई." जाऊबाई खाली मान घालून जेवत होत्या. सांडलं नाही, लवंडलं नाही. मग हेमाला पाया पडायला लावलं. हेमाने आईच्या पायावर डोकं ठेवलं, ते उचलेचना. जाऊबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सुखी ऱ्हा."

मी सैपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले. पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "वैनीला सगळं समजतं. आपणच येडे." भावजी म्हणाले, "पोरीसाठी आली ती. पोरीसाठी!" आज किती वर्षांनी घरात सगळ्यांनी जाऊबाईंचं कौतुक केलं. हेमाचं तोंड तर असं उजळलं होतं! "काकू, आईचा ताप उतरला," म्हणाली.

माघ वद्य नवमी

सकाळी हेमा दूध घेऊन आत गेली. "आई, घे." जाऊबाईंनी पेला बाजूला सारला आणि तिला जवळ बसवून घेतलं. फार मायेने म्हणाल्या, "तुजी आई गेली, बाई. काल मीच जेवले ना तिच्या नावानं. रडू न्हाई."

मी दारातच उभी होते.

हेमाने पेला उचलून पुन्हा त्यांच्या ओठाला लावला. म्हणाली, "न्हाई रडत. तुमी दूध घ्या, मावशी."